थारचं विंच: तार उतरवून सिंथेटिक दोर चढवण्याच्या प्रकल्प नोंदी

गाडी: थार, डिझेल, फोर बाय फोर. चार माणसं आणि सामानासकट वजनकाट्यावर २,१०० किलो.
विंच (रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणारं यंत्र): १२ व्होल्ट, ९,५०० पौंड म्हणजे सुमारे ४,३०० किलो खेच, प्लॅनेटरी गिअर, आणि ब्रेक बसवलाय ड्रमच्या, म्हणजे दोर गुंडाळायच्या रुळाच्या, आत. आतापर्यंत त्यावर पोलादी तार होती.
काम: तार काढून १० मिमी जाडीचा, २५ मीटर लांबीचा बारा पेडी डायनीमा (फार मजबूत सिंथेटिक धागा) दोर बसवणं आणि तो पावसाळाभर सांभाळणं. वापर सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना: घाटमाथ्यावरची काळी चिकणमाती, कोकण उतारावरचा जांभा.

४ मे २०२४: तार उतरवली

तार पूर्ण मोकळी करून जमिनीवर पसरली. हुकाकडच्या पहिल्या ४ मीटरांत तुटलेल्या तारांचे काटे उभे आहेत. जाड चामडी हातमोज्यांतूनही ते हाताला लागतात. दोन ठिकाणी कायमची मोड बसली आहे. तार एकदा मोडली की ताणून सरळ दिसते, पण आतल्या तारा तिथंच एकेक करून तुटत जातात.

तार गेली की नवा दोर लगेच चढवायचा मोह होतो. तो आवरावा, कारण ड्रम आधी बघायला हवा. तारेनं ड्रमच्या पृष्ठभागावर बारीक खाचा पाडलेल्या असतात आणि कडेच्या चकत्यांना आतून धारदार ओरखडे असतात. पोलादाला त्यानं काही होत नाही. डायनीमाचा धागा मात्र अशा कडेवर ताणाखाली सरकला की कापला जातो. बारीक कानसीनं उंचवटे काढले, १२० नंबरच्या आणि मग २४० नंबरच्या पॉलिश पेपरनं ड्रम गुळगुळीत केला. तपासायची पद्धत सोपी आहे: कापसाचा बोळा ड्रमवरून आणि चकत्यांच्या आतून फिरवायचा. कापूस अडकला की तिथं पुन्हा कानस. शेवटी प्रायमर आणि रंगाचा पातळ हात दिला. उघडं पोलाद ओल्या दोराखाली गंजतं, आणि गंजाची पूड दोरात शिरली की वाळूसारखंच काम करते.

७ मे: फेअरलीड आणि पाया

फेअरलीड म्हणजे ड्रमवरचा दोर जिच्यातून बाहेर येतो ती चौकट. चार रोलरांचा जुना फेअरलीड काढून टाकला. त्याच्या रोलरांवर तारेचे चर आहेत, आणि रोलर कोपऱ्यात जिथं भेटतात तिथं फट असते. तिरक्या खेचीत मऊ दोर नेमका त्या फटीत जाऊन चिमटतो. त्या जागी गोल ओठांचा ॲल्युमिनियमचा फेअरलीड बसवला. नवा, तार कधीही न लागलेला. ज्या ॲल्युमिनियमवरून तार एकदा जरी गेली तो फेअरलीड सिंथेटिक दोराला घेऊ नये.

पायाची पट्टी चासीला बोल्ट केलेली, ६ मिमी जाडीची. विंचच्या चार भोकांचं अंतर २५४ बाय ११४ मिमी, हे बहुतेक विंचना सारखंच असतं. बोल्ट एम-१०, ८.८ ग्रेडचे, ४५ न्यूटन-मीटरला आवळले आणि डोक्यावर पांढरी रेघ मारली. रेघ सरकली की बोल्ट ढिला झाला हे उघड्या डोळ्यांना कळतं. बाजारात सुटे मिळणारे चकचकीत स्टेनलेस बोल्ट इथं वापरायचे नाहीत. त्यांतल्या नेहमीच्या ग्रेडची ताकद ८.८ पेक्षा कमी असते.

विंच कंपनीच्या मूळ बंपरच्या आत आहे, बाहेर लोखंडी गार्ड नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना क्रॅश गार्डवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला सांगितलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी पुढं आलेल्या लोखंडानं पादचाऱ्याला होणारी इजा आणि एअरबॅगच्या सेन्सरचं बिघडणारं गणित ही कारणं पुरेशी आहेत. आत बसवल्यानं विंचच्या क्लचच्या (ड्रम मोकळा सोडणाऱ्या) लिव्हरपर्यंत हात पोहोचायला अडचण होते. ती सोसण्यासारखी आहे.

११ मे: दोर ड्रमला बांधला

या दोराचं वजन १०० मीटरला साधारण साडेपाच किलो, म्हणजे आपला २५ मीटर दोर दीड किलोच्या आतच. तेवढीच तार आठ किलोंच्या पुढं जाते. दोर पाण्यावर तरंगतो, हातात काटे जात नाहीत, आणि नवा असताना ८ ते ९ टनांपर्यंत ताण घेतो. एवढं सगळं असूनही तो उष्णतेला फार हळवा आहे. ६५ ते ७० अंशांपासून त्याची ताकद उतरू लागते आणि साधारण १४५ ते १५० अंशांना धागा वितळतो. या नोंदींत पुढं जे जे येईल त्याच्या मुळाशी हेच आहे: हा दोर नुसत्या ताणानं क्वचित तुटतो, तो जिथं कशाला टेकतो तिथं तुटतो. म्हणून ताणापेक्षा टेकण्याच्या जागांकडं लक्ष द्यायचं.

ड्रमच्या बाजूचं टोक छोट्या स्क्रूनं धरलं जातं. तो स्क्रू फक्त पहिला वेढा बसेपर्यंतचा आधार. खरी पकड वेढ्यांच्या घर्षणाची. तारेला ड्रमवर ५ वेढे उरले तरी भागतं, पण डायनीमा निसरडा असल्यानं निदान १० वेढे कायम ठेवायचे. त्यासाठी ड्रमकडचा पहिला अडीच मीटर दोर लाल रंगवला. खेचताना लाल रंग दिसला की दोर सोडणं बंद. पहिल्या थरावर उष्णतारोधक बाहीसुद्धा चढवली आहे. ब्रेक ड्रमच्या पोटात असल्यानं तापतो तो पहिला थरच.

दोर ड्रमच्या खालच्या बाजूनं, म्हणजे पायाच्या पट्टीकडून बाहेर यायला हवा. उलटा गुंडाळला तरी विंच चालतं, पण अशा विंचचा ब्रेक एकाच दिशेला धरतो. भार उलट्या बाजूनं आला की गाडी उतारावर थांबणार नाही. दोर बदलताना ही गोष्ट सगळ्यांत आधी पाहायची.

थरांचं गणित करून रिमोटच्या डबीच्या झाकणावर चिकटवलं. ड्रमचा व्यास ६३.५ मिमी, रुंदी २२४ मिमी, एका थरात २२ वेढे. पहिल्या थरात ५.१ मीटर दोर मावतो, दुसऱ्यात ६.५, तिसऱ्यात ७.८, उरलेला चौथ्यात. विंचवर छापलेली ४,३०० किलोंची खेच फक्त पहिल्या थराची. दुसऱ्या थरावर ती ३,३९० किलो, तिसऱ्यावर २,७९०, चौथ्यावर २,३७०. २५ मीटरच्या दोरात याचा अर्थ असा: पहिले साडेपाच मीटर बाहेर असेपर्यंत आपण चौथ्या थरावर, तिथून साडेतेरा मीटरपर्यंत तिसऱ्या, वीस मीटरपर्यंत दुसऱ्या, आणि पूर्ण ताकद हवी तर वीस ते साडेबावीस मीटर दोर बाहेर असला पाहिजे. हे आकडे दोर न दबता गोल राहिला असं धरून काढले आहेत. प्रत्यक्षात दोर चपटा होतो, तेव्हा थोडा फरक पडेल.

झाड जवळ आहे म्हणून खेच सोपी, हा समज या आकड्यांपुढं टिकत नाही. दोर जितका ड्रमवर जास्त तितकी खेच कमी.

१२ मे: ताणाखाली गुंडाळणी

दोर ढिला गुंडाळला तर पहिल्याच जड खेचीत वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या मधे घुसतो. तिथं तो इतका घट्ट चिमटतो की सोडताना सुटत नाही, ड्रम फिरत राहतो आणि दोर उलट्या दिशेनं गुंडाळला जाऊ लागतो. घुसताना घर्षणानं धागे वितळतात ते वेगळंच.

म्हणून हलक्या चढाचा सरळ रस्ता निवडला. दोराचं टोक वरच्या बाजूला पक्कं बांधलं, गाडी न्यूट्रलमध्ये, आत बसलेला माणूस ब्रेक किंचित दाबून धरणारा. २०० ते २५० किलोंचा ताण पुरतो. त्यानं गाडी विंचच्या ओढीनं सावकाश चढते आणि दोर घट्ट बसतो. एक जण बाजूला उभा राहून वेढे बघतो. हात दोरावर नाही, फेअरलीडपासून दीड मीटर लांब. एका बाजूला ढीग होतोय असं दिसलं की थांबायचं, थोडा दोर सोडायचा, गाडीचं तोंड किंचित वळवून पुन्हा ओढायचं. शेवटचा दीड मीटर रिमोटचं बटण क्षणभर दाबत-सोडत आत घ्यायचा, हूक हातात न धरता त्याला बांधलेल्या पट्ट्यानं. बोटं फेअरलीडमध्ये जातात ती याच दीड मीटरात.

१८ मे: वीज

पूर्ण भारावर हे विंच ४०० ॲम्पिअरच्या आसपास घेतं. बॅटरीपासून विंचपर्यंत जाणारी आणि येणारी मिळून ३.६ मीटर केबल. ३५ चौरस मिमी जाडीच्या तांब्याच्या केबलमध्ये एवढ्या करंटला ०.७ व्होल्ट पडतात, ५० चौरस मिमीत ०.५. म्हणून ५० घेतली. निगेटिव्ह चासीला नाही, थेट बॅटरीच्या टर्मिनलला.

केबलपेक्षा लग, म्हणजे तिच्या टोकाच्या धातूच्या जोडण्या, जास्त त्रास देतात. हातोडीनं ठोकून बसवलेल्या लगमध्ये दोन हजारांश ओहम अडथळा राहिला तरी ४०० ॲम्पिअरला तिथं ३२० वॉट उष्णता होते, छोट्या शेगडीएवढी. हायड्रॉलिक क्रिम्पिंगनं लग दाबून घेतले, वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवली.

इंजिन चालू ठेवूनच खेचायचं, १,५०० आरपीएमच्या आसपास. तरी अल्टरनेटर १०० ॲम्पिअर देत असेल तर उरलेले ३०० बॅटरीतून जातात, मिनिटाला ५ ॲम्पिअर-तास. ६० ते ७० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत हे फार काळ चालत नाही. व्होल्टेज दहाच्या खाली गेलं की कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा विंचचा स्विच) फडफडतो, त्याचे पॉइंट ठिणग्यांनी एकमेकांना चिकटतात, आणि मग रिमोटचं बटण सोडलं तरी विंच ओढतच राहतं. या एका शक्यतेसाठी बॅटरीजवळ मोठा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा) स्विच बसवला आहे. जागा अशी की बॉनेट न उघडता हात पोहोचतो. खेच चालू असताना एकाचं काम फक्त त्या स्विचपाशी असणं.

२६ मे: नांगर (दोर बांधायचा पक्का आधार) आणि पुलीचा सराव

किती ताण लागेल याचा अंदाज आधी बांधायचा. चाकं रिमपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाएवढा, म्हणजे २,१०० किलो. मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. बॉनेटपर्यंत गेली तर तिप्पट. त्यात चढ मिळवायचा: १५ अंशाला वजनाचा चौथा हिस्सा, ३० अंशाला निम्मा. हे ठोकताळे आहेत, पण फार चुकत नाहीत. मडगार्डपर्यंत रुतलेली थार १५ अंशाच्या चढावर सुमारे ४,७५० किलो मागते. एकेरी दोरानं, पहिल्या थरावरसुद्धा, हे विंच ते देऊ शकत नाही. मात्र फावड्यानं चाकांपुढची माती काढली तर तीच मागणी निम्म्यावर येते. फावडं आधी, विंच नंतर.

दुहेरी दोर: पुली झाडाच्या पट्ट्याला, दोर तिच्यातून परत गाडीच्या रिकव्हरी हुकाला. १० मीटरवरच्या झाडाला एकेरी दोर लावला तर आपण तिसऱ्या थरावर, खेच २,७९० किलो. तेच दुहेरी केलं की २० मीटर दोर बाहेर जातो, पहिला थर लागतो, आणि खेच ४,३०० ची दुप्पट. पुलीच्या घर्षणाचे दहा टक्के वजा केले तरी साडेसात टनांच्या पुढं. वेग निम्मा होतो, आणि चिखलात ते बरंच असतं.

पण हा सगळा दुहेरी भार झाडाजवळच्या शॅकलवर, म्हणजे पिन लावायच्या लोखंडी कडीवर, येतो. नेहमीचं पाऊण इंची बो शॅकल ४.७५ टनांचं असतं. एकेरी खेचीला ते पुरतं, दुहेरीला नाही. नांगराकडं एक इंची, ८.५ टनांचं शॅकल ठेवलं आहे. त्याची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागं, नाहीतर भारानंतर पिन उघडत नाही. पुलीच्या चाकाचा व्यास दोराच्या निदान ८ पट, म्हणजे ८० मिमी हवा. त्याहून लहान चाकावर आतले आणि बाहेरचे धागे सारखा ताण घेत नाहीत.

झाडाला दोर थेट कधीच नाही. ७५ मिमी रुंदीचा, ३ मीटरचा पट्टा, बुंध्याला शक्य तितका खाली. पट्ट्याच्या दोन पायांमधला कोन ९० अंशांच्या आत ठेवायचा. १२० अंशाला प्रत्येक पायावर पूर्ण भार येतो आणि पट्टा दुहेरी असून नसल्यासारखा. काळ्या मातीतलं भरदार झाड भरवशाचं. जांभ्याच्या सड्यावरचं झाड कितीही डेरेदार दिसलं तरी त्याची मुळं वीतभर मातीत पसरलेली असतात. दोन झाडं मिळून नांगर करावा, किंवा दुसरी गाडी. दुसरी गाडी नांगर म्हणून वापरताना तिच्या चाकांना दगड लावायचे, गिअर लो रेंजमध्ये. माळावर काहीच नसेल आणि माती खोल असेल तर स्टेपनी पुरता येते: कमरेएवढा खड्डा, चाक उभं, पट्टा आसाच्या भोकातून, आणि पट्ट्यासाठी खेचीच्या दिशेनं तिरका चर. मेहनत खूप, पण धरतं.

खुणा ठरवल्या: एकच माणूस बोलणार, आणि शब्द तीनच, “खेच”, “थांब”, “सोड”. “थांब” मात्र कुणीही म्हणू शकतो. दोराच्या मधोमध जाड ओली गोणी टाकायची. सिंथेटिक दोर तुटला तर तारेसारखा फटकारत नाही हे बरंचसं खरं, कारण तो ताणून फार कमी लांबतो. पण टोकाला हूक किंवा शॅकल असेल तर लोखंड उडतंच. त्याच कमी लांबण्यामुळं हा दोर झटक्याच्या ओढीला कधीही वापरायचा नाही. त्यासाठी वेगळा, लवचीक कायनेटिक रोप असतो.

१६ जून: काळ्या चिखलातली पहिली खेच

घाटमाथ्याच्या बाजूला, खाचराच्या बांधालगत. दुसरी गाडी रिमच्या वर रुतलेली. चिकणमातीत चाक फक्त जड होत नाही, ते चोखलं जातं. सुरुवातीचा ताण सगळ्यांत मोठा, चाक सुटलं की एकदम उतरतो. म्हणून बटण दाबून धरायचं नाही. दोर ताठ होईपर्यंत ओढायचं, थांबायचं, सगळी जोडणी नजरेखालून घालायची, मग पुढं. मिनिटभर खेच, मग विसावा. मोटरच्या कवचाला हात लावून बघायचा. हात ठेववत नसेल तर थांबणं सक्तीचं.

परतल्यावर दोर पूर्ण काढून घमेल्यात साध्या पाण्यात रात्रभर भिजवला. तळाला बोटभर गाळ. हा गाळ पेडांच्या आत असतो, बाहेरून दोर स्वच्छ दिसतो. ताण आला की पेड एकमेकांवर सरकतात आणि मधले मातीचे कण आतूनच धागे कापत बसतात. धुण्यासाठी प्रेशर पंप वापरायचा नाही, तो कण आणखी आत ढकलतो. दोर हातानं जवळ दाबून वीण उघडायची, पाण्यात हलवायची, पाणी नितळ येईपर्यंत. हवा तर सौम्य साबण. डिझेल, थिनर, ग्रीस काहीही नको. सावलीत वाळवायचा.

७ जुलै

नेहमीची तपासणी. कुसं उठली आहेत, सगळीकडं सारखी. हे चांगलंच, ती लव खालच्या धाग्यांना आडोसा देते. कापून किंवा जाळून काढू नये. पेड कुठंही ओढलेला नाही. बोल्टांच्या रेघा जागेवर.

२१ जुलै: जांभा

कोकणच्या उतारावर, पावसात. जांभा सच्छिद्र, त्याची धार कानशीसारखी आणि त्याच्या लाल मातीत कडक खडे. दोर जमिनीला टेकण्याच्या दोन जागा होत्या. तिथं दोरावर घासणरोधक बाही सरकवून नेली. ही बाही दोरावर सैल असते, जिथं घासेल तिथं नेऊन उभी करायची. खडकाच्या कडेवर रबरी पायपुसणंही टाकलं.

बाजूच्या कोनातून खेच घ्यावी लागली. वीस-पंचवीस अंशांच्या पुढं कोन गेला की दोर ड्रमच्या एकाच कडेला साचतो आणि विंचच्या आडव्या दांड्यांना टेकतो. शक्य तिथं बाजूच्या झाडाला पुली लावून दोर सरळ फेअरलीडमध्ये आणायचा. ते जमण्यासारखं नसेल तर चार-पाच मीटर ओढून गाडी दगड लावून अडवायची आणि दोर सोडून नीट गुंडाळायचा.

इथं एक गाडी उतारावरून खाली सोडायची होती. विंचनं भार उतरवणं म्हणजे ड्रमच्या पोटातला ब्रेक सतत घासत राहणं. त्याची सगळी उष्णता ड्रमला आणि तिथून पहिल्या थराला मिळते. खेचताना ड्रम इतका तापत नाही. म्हणून उतरवताना गाडीचा स्वतःचा गिअर आणि ब्रेक मुख्य, विंच फक्त हातचा आधार. एका वेळी दोन-तीन मीटर, मग ड्रमच्या कडेला हात लावून पाहायचं. कोमटपेक्षा जास्त वाटला तर थांबायचं.

२८ जुलै: दोराची खोल तपासणी, कापणी, नवा डोळा

हुकापासून २.१ मीटरवर एका पेडाचे निम्म्याहून जास्त धागे कापलेले आणि शेजारच्या पेडालाही धार लागलेली. जांभ्याचंच काम. त्याच्या पुढं हातभर भाग चकचकीत आणि कडक. चकाकी दोन प्रकारची असते. दाबानं आलेली चकाकी दोर हातात वाकवून-चोळून मऊ केला की जाते, त्यानं बिघडत नाही. उष्णतेनं आलेली जात नाही, धागे एकमेकांना चिकटलेले असतात, वाकवलं तर कडकड आवाज येतो. ही पहिल्या प्रकारची निघाली. कापलेल्या पेडाला मात्र इलाज नाही. २.३ मीटर कापून टाकला.

डायनीमाला गाठ मारायची नाही. गाठीनं ताकद निम्म्यावर येते आणि निसरडेपणामुळं ती सरकतेही. डोळा, म्हणजे टोकाचं कडं, विणूनच करायचा. पद्धत अशी: टोकाला टेप, पोलादी नळीच्या थिंबलभोवती (ती डोळ्याला आतून आधार देते) डोळ्याचं माप घेऊन दोन खुणा. आधी टोक मुख्य दोराच्या मधून आरपार, मग मुख्य दोराची बाजू टोकाच्या मधून आरपार, म्हणजे दोन्ही एकमेकांत अडकून कुलूप बसतं. नंतर पोकळ सुईनं टोक मुख्य दोराच्या पोटात घालायचं. पुरायची लांबी व्यासाच्या ७२ पट, आपल्या १० मिमीला ७२ सेंमी. तिच्या पुढचे २० सेंमी थोड्या थोड्या अंतरानं एकेक पेड छाटत निमुळते केले. टोक एकदम बोथट संपलं तर दोर तिथं कमरेत वाकल्यासारखा होतो आणि त्याच जागी तुटतो. शेवटी बाहेरचा दोर डोळ्यापासून खाली हातानं दाबत नेऊन पुरलेल्या टोकावर घट्ट बसवायचा. कुलूप आवश्यक, कारण नुसतं पुरलेलं टोक ताणाखाली धरतं, पण दोर ढिला असताना गाडीच्या हादऱ्यांनी हळूहळू बाहेर येतं. डोळ्यात साधारण १.१ मीटर दोर गेला. उरला २१.६ मीटर.

नव्या डोळ्याला आधी हलका, मग मध्यम ताण दिला. वीण बसते तशी पुरलेल्या भागाची लांबी बोटभर वाढते. थेट जड खेचीला लावू नये.

३१ जुलै: फेअरलीड

ओठाच्या खालच्या कडेला दोन ओरखडे, नखाला लागतील एवढे. ६०० नंबरच्या ओल्या पेपरनं फक्त तेवढीच जागा साफ केली. सगळा ओठ घासायचा नाही, वरचा कठीण थर निघून जातो. कापसाचा बोळा फिरवून पाहिला.

१५ ऑगस्ट

रिमोटच्या सॉकेटच्या पिना हिरवट. कॉन्टॅक्ट क्लीनर, मग डायइलेक्ट्रिक ग्रीस. झाकणाचं रबर बदललं. पावसाळ्यात विंच दर पंधरा दिवसांनी बिनभाराचं दोन्ही दिशांना फिरवायचं. त्यानं मोटर आणि ब्रेकमध्ये साचलेला ओलावा गंज धरायच्या आत निघतो. क्लचची लिव्हर जाम होऊ लागते तीही याच वेळी कळते. ड्रम फिरत असताना लिव्हर मारायची नाही, गिअरचे दात जातात.

२२ सप्टेंबर

ओढ्याच्या पाण्यात विंच बुडलं होतं. गिअरबॉक्सच्या जोडाशी ग्रीस दुधाळ दिसलं, म्हणजे पाणी आत गेलं. खोलून केरोसिननं धुतला, वाळवला, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ग्रीस मोजून भरलं, गॅस्केट नवं. ठासून ग्रीस भरलं तर ते शाफ्टवरून ब्रेकपर्यंत सरकतं आणि ब्रेक घसरतो.

२७ ऑक्टोबर: हंगामानंतर

दोर उलटा केला. हुकाकडचा भाग उन्हानं आणि घासण्यानं झिजतो, ड्रमकडचा जवळपास नवाच राहतो, फक्त चपटा होतो. जुना डोळा पुरलेल्या भागासकट कापला, ड्रमकडच्या टोकाला नवा डोळा विणला. लांबी आता १९.६ मीटर. लाल रंग नव्या ड्रमकडच्या अडीच मीटरांना पुन्हा लावला. दोर बाद करायचा निकष वहीत लिहिला: एका जागी एकूण जाडीचा चौथा हिस्सा झिजला, किंवा धागे वितळून चिकटले, तर ती जागा कापायची. दोर १७ मीटरच्या खाली गेला की नवा.

गाडी आता बरेच आठवडे उभी राहील. दोरावर ताडपत्रीचं आवरण घातलं, ऊन लागू नये म्हणून आणि उंदरांसाठीही. उभ्या गाडीत विंचच्या पोकळीत उंदीर घर करतात आणि दोराचे धागे बिळात नेतात. आवरण खालूनही बांधायचं.

१९.६ मीटरांत दोर ड्रमवर जवळजवळ बरोबर तीन थरांत बसतो, चौथा थर उरतच नाही. म्हणजे हूक फेअरलीडपाशी असतानाही किमान खेच २,३७० ऐवजी २,७९० किलो, आणि पूर्ण खेच वीस मीटरांऐवजी साडेचौदा मीटरवरच मिळू लागते. पुढच्या हंगामात नवा दोर घेताना २५ मीटर घ्यायचा नाही. ड्रमवर २० मीटर आणि सीटखाली पिशवीत १५ मीटरचा, दोन्ही टोकांना डोळे विणलेला जोडदोर. झाड लांब असेल तेव्हा तो पुढं लावायचा, सॉफ्ट शॅकलनं, म्हणजे दोराच्याच विणलेल्या कडीनं. जोडदोर ड्रमवर कधीच जात नसल्यानं त्याला ना दाब, ना ब्रेकची उष्णता. जांभ्यावरून जाणारा भागही बहुतेक वेळा तोच असेल, आणि झिजला तर बदलायलाही सोपा.